मीनाक्षीचे स्थळ

आमच्या गावाच्या नावापुढे कंसात 'मोठी' असे लिहावे लागते. आंजी (मोठी), जिल्हा वर्धा. परगावच्या माणसाला वाटते, हे काही शहरबिहर असेल. मग तो वर्ध्याहून आर्वी रस्त्याने बसने येतो, उतरतो, इकडेतिकडे पाहतो आणि 'आंजी अजून किती लांब आहे हो?' असे विचारतो. कंसातला मोठेपणा हा असा असतो. पण गेल्या दिवाळीत या मोठ्या आंजीला कमालीची लहान करून दाखवणारी एक वस्तू आमच्या ओसरीवर आली, आणि तिच्यापायी घरात जे रामायण घडले ते सांगण्यासाठी या खेपेची पाने खर्च करतो आहे. एरवी मी या जागेवर म्हणी, वाक्प्रचार आणि उत्तरपत्रिकांतल्या गमतीजमती सांगत असतो. त्या पुढे कधीतरी.

धनत्रयोदशीची सकाळ होती. ओसरीच्या एका कोपऱ्यात पहिल्या वेच्याचा कापूस पडला होता, दुसऱ्या कोपऱ्यात मी आकाशकंदिलाच्या काड्यांशी झटापट करीत होतो, आणि आमची ही 'दरवर्षी तयार का नाही आणत?' हे वार्षिक वाक्य उच्चारून आत गेली होती. इतक्यात भाचा आला. हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. दुबईत नोकरीला असतो, दिवाळीच्या सुटीला येतो. चहाचा कप हातात घेऊन तो एकदम म्हणाला,

"मामा, एक सांगा. सोळा घेऊ का चोवीस?"

पोरगा सव्वीस वर्षांचा, लग्नाचा. अक्का दोन वर्षे स्थळे पाहून राहिलेली. मी दचकलोच.

"अरे, अठराच्या आत कायद्याने बंदी आहे!"

तो इतका हसला की चहा कापसावर सांडायचा राहिला. "पोरगी नाही हो मामा. लेन्स! कॅमेऱ्याची! सोळा मिलिमीटर का चोवीस?"

मला विचारण्याचे कारण एवढेच की, वीस वर्षांपूर्वी पहिल्या पगारातून मी एक कॅमेरा घेतला होता आणि तेव्हापासून दंडारीचे, पोळ्याचे, जुन्या पोथ्यांचे फोटो काढण्याचा नाद मला आहे. घरात त्यामुळे मी या विषयातला तज्ज्ञ ठरलो आहे. वासरांत लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. पण हे भिंग त्याला पोळ्यासाठी नको होते. विमानातून उडी मारणाऱ्या माणसांचे, ती हवेत पडत असताना, त्यांच्यासोबत स्वतः पडत राहून फोटो काढण्यासाठी हवे होते. त्याने हळू आवाजात सांगितले की, दीड वर्षापासून तो हा उद्योग शिकतो आहे आणि आजवर त्याच्या त्रेसष्ट उड्या झाल्या आहेत.

"अक्काला ठाऊक आहे?"

"आईले कायले सांगता मामा! ते जेवनच सोडन."

म्हणजे प्रश्न भिंगाचा राहिला नव्हता. तरीपण मी आधी भिंगाकडेच वळलो. अवघड गोष्टीच्या शेजारी सोपी गोष्ट दिसली की माणूस सोपीच्या आडोशाला बसतो, आणि मास्तर तर हमखास बसतो.

भिंगावर जे आकडे असतात ते त्याच्या नाभीय अंतराचे. आकडा जितका लहान, तितकी त्याची नजर रुंद. साधारण कॅमेऱ्याला पन्नासाचे भिंग लावतात. चोवीसचे रुंद, सोळाचे फारच रुंद. यातला हिशेब आमच्या चौथीच्या त्रैराशिकाइतका सोपा आहे. मोठ्या कॅमेऱ्यातली प्रतिमेची पट्टी छत्तीस मिलिमीटर रुंद असते, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढी. छत्तीसला भिंगाच्या आकड्याने भागा आणि समोरच्या अंतराने गुणा. तेवढ्या रुंदीचे जग चौकटीत मावेल. दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो पन्नासाच्या भिंगाने काढला तर चौकटीत मावतात जेमतेम 1.44 मीटर. चोवीसने 3 मीटर. सोळाने साडेचार.

कागदावरचा हिशेब पटला. पण माझा स्वभाव पडताळून पाहण्याचा. वर्ध्याला लग्नाचे फोटो काढणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्याकडून दोन्ही भिंगे दोन दिवसांसाठी मागून आणली. अंगणात कडुनिंबाखाली बाज टाकली. भाच्याला बाजेवर पालथे निजवले. हातपाय पसरून, कोपरे आणि गुडघे किंचित वाकवून, मान वर. हवेत पडणारा माणूस असाच पालथा पसरतो म्हणे. मी झाडाला शिडी लावून वर चढलो. त्याच्या पाठीपासून कॅमेरा दोन मीटरवर येईल असे दोरीने मोजून घेतले. पन्नासाच्या भिंगातून भाच्याचा सदरा तेवढा आला. डोके एकीकडे कापले, पाय दुसरीकडे. चोवीसमधून भाचा सगळा आला, बाजेचे चारही खूर आले. सोळामधून भाचा आला, बाज आली, तुळशीवृंदावन आले, शेजारची शेळी आली आणि कुंपणावरून डोकावणारे शेजारी आले.

शेजाऱ्यांनी काळजीने विचारले, "गुरुजी, पोट दुखून राहिलं का पोराचं?"

"नाही, फोटो काढून राहिलो," मी शिडीवरून म्हणालो. त्यांचे समाधान झाले नाही. पुढे या शेजाऱ्यांमुळेच सगळा घोटाळा झाला.

सोळाचे भिंग हवे कशाला, हे मला त्या शिडीवर कळले. मला निदान कॅमेऱ्याला डोळा लावता येत होता. उडी मारणाऱ्याला तीही सोय नाही. त्याचा कॅमेरा शिरस्त्राणावर पक्का बसवलेला असतो. डोळ्यासमोर फार तर एक बारीक वर्तुळ असते, त्यात समोरचा माणूस धरून ठेवायचा. म्हणजे मान हीच तिवई. दोन्ही हात तर पंखांसारखे हवेत पसरलेले, मग बटण दाबणार कोण? त्यासाठी तोंडात एक लहानशी कळ धरतात आणि दातांनी चावून किंवा जिभेने दाबून फोटो काढतात. भाषा शिकवण्यात आयुष्य गेले, पण जिभेचा हा उपयोग मला अपूर्व वाटला. अशा अवस्थेत नेम थोडा चुकणारच. आणि नजर रुंद असली की चुकलेला नेमही चौकटीत राहतो. हादरेही तिच्यात कमी जाणवतात. शिवाय हल्लीचे कॅमेरे चलच्चित्रातला हादरा काढून टाकण्यासाठी चौकटीच्या कडा कापतात. कापायला कापड जास्त असलेले बरे.

आणखी एक फायदा या रुंद भिंगात आहे. छिद्र आठाच्या आकड्यावर ठेवले आणि सोळाच्या भिंगाची स्पष्टता एक मीटरवर पक्की केली, तर हातभर अंतरापासून थेट क्षितिजापर्यंत सगळे रेखीव येते. पन्नासाच्या भिंगाला तेवढ्याच छिद्रावर ही सोय साधायला दहा मीटरवर नजर ठेवावी लागते आणि पाच मीटरच्या आतले सगळे धूसर होते. म्हणून हवेतले फोटोवाले भिंगाचे कडे एकदा फिरवून वर चक्क चिकटपट्टी लावून टाकतात. साठ सेकंदांच्या धंद्यात कडे फिरवीत बसायला वेळ कोणाला आहे?

ही साठ सेकंदे म्हणजे काय हे भाच्याने सांगितले तेव्हा मी ऐकतच राहिलो. तेरा हजार फुटांवरून उडी घेतली की छत्री उघडेपर्यंत सुमारे मिनिटभर माणूस नुसता पडतो, ताशी दोनशे किलोमीटरांच्या घरात. पण सोबतचाही तेवढ्याच वेगाने पडत असल्यामुळे दोघांना एकमेक हवेत स्थिर वाटतात. हातभर अंतरावर तरंगत असल्यासारखे. आपल्याकडच्या एका बाईने हे सगळे नऊवारी नेसून केले आहे. पुण्याच्या शीतल महाजन. 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर त्यांनी उडी घेतली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती! 2006 साली अंटार्क्टिका झाले, 2011 साली पद्मश्री मिळाली, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये थायलंडात पट्टाया येथे त्यांनी तेरा हजार फुटांवरून नऊवारीत उडी घेतली. पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून. बातमीत नऊवारीची लांबी सव्वाआठ मीटर दिली होती. नऊ वार म्हणजे 8.23 मीटर, तेव्हा बातमीदाराचे गणित चोख. आमच्या हिने ती बातमी तेव्हा कापून ठेवली होती. काष्टा सुटला कसा नाही, एवढाच तिचा प्रश्न होता. आम्हाला अंगणात झेंडावंदनाला सुटतो.

माझ्या डोक्यात मात्र त्या दिवशी वेगळेच आले. हवेतल्या उडीचे असे कोणतेही चित्र पाहताना ते कोणीतरी काढलेले असते, आणि तो काढणाराही त्याच हवेत पडत असतो, हे कधी ध्यानातच येत नाही. चित्रात तो नसतो. 1969 साली हॉलिवूडने 'द जिप्सी मॉथ्स' नावाचा उड्यांवरचा बोलपट काढला. पडद्यावर बर्ट लँकेस्टर दिसला; हवेतली दृश्ये टिपणारा कार्ल बोनिश शिरस्त्राणावर कॅमेरा बांधून त्या माणसांसोबत पडत होता, त्याचे नाव उड्या मारणाऱ्यांखेरीज कोणाला ठाऊक? हा बोनिश 1984 साली नॉर्वेतल्या एका कड्यावरून उडी घेताना गेला.

दुपारी आमचा मुक्काम भिंगांच्या तिसऱ्या जातीवर आला. इंग्रजीत तिला माशाच्या डोळ्याचे भिंग म्हणतात. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1906 साली हे नाव वापरले. पाण्याखालच्या माशाला वरचे सगळे आकाश, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, डोक्यावरच्या एका गोल झरोक्यात गोळा झालेले दिसते, त्यावरून. मी तत्काळ तिचे बारसे केले : मीनाक्षी! आपल्याकडे हा शब्द सौंदर्यासाठी वापरतात. पण या मीनाक्षीचा फोटो पाहाल तर दाराची चौकट धनुष्यासारखी, विजेचा खांब काकडीसारखा. सरळ रेषा म्हणून तिला सोसत नाही. साधे रुंद भिंग उलट रेषा सरळ ठेवते, पण त्याची किंमत कडेच्या माणसांकडून वसूल करते. चौकटीच्या टोकाला उभ्या असलेल्या वऱ्हाड्यांची तोंडे टरबुजासारखी ताणली जातात. लग्नाच्या समूहचित्रात टोकाला उभे राहू नये, हा शोध मला या निमित्ताने लागला.

भाच्याचे म्हणणे पडले की, आकाशात सरळ रेषा असतातच कोठे? एक विमानाचा पंख आणि एक क्षितिज, बस्स. मग मीनाक्षी का नको? मला ते पटले. घराचा फोटो काढायला ती वाईट, हवेतल्या माणसाला चांगली. फक्त क्षितिजाचे भान ठेवावे लागते. ते चौकटीच्या मधोमध असले तर सरळ येते, मध्यापासून वर सरकले तर टेकडीसारखे फुगते, खाली सरकले तर परातीसारखे खोल होते. भाच्याने मोबाइलवर आपल्या मित्राची एक चित्रफीत दाखवली. तिच्यात एका क्षणी पृथ्वी चेंडू होती आणि दुसऱ्या क्षणी वाटी. आमच्या बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीवर ही फीत पाहून 'पृथ्वीचा गोलपणा डोळ्यांनी दिसला' असे दोघांनी शपथेवर सांगितले. मी शिक्षक या नात्याने खुलासा केला की, पृथ्वी गोलच आहे, पण चार किलोमीटर उंचीवरून ती इतकी गोल दिसत नाही. हा गोलपणा भिंगाचा. माझ्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही.

वर्ध्याच्या विद्यार्थ्याने आणखी एक कानमंत्र दिला : भिंग घेण्याआधी कॅमेऱ्यातली पट्टी केवढी ते पाहा. लहान पट्टीच्या कॅमेऱ्यावर, जिची रुंदी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असते, सोळाचे भिंग चोवीसची नजर देते. भाच्याचा कॅमेरा नेमका या लहान जातीचा निघाला! म्हणजे 'सोळा का चोवीस' हा सकाळपासूनचा वाद अर्धा फुकट होता. सोळा घेतले तरच त्याला चोवीस मिळणार होते. आम्ही दोघेही बराच वेळ एकमेकांकडे पाहत बसलो.

येथवर सगळे गंमतीचे होते. मग मी विचारले, "हा कॅमेरा डोक्यावर असताना छत्री उघडते तेव्हा काय होते?"

तो जरा थांबला. ताशी दोनशेचा वेग दोन-चार सेकंदांत वीसच्या आसपास येतो. त्या हिसक्यात डोक्यावरचा एक किलो मानेला कितीतरी पट जड होतो. छत्रीच्या दोऱ्या कॅमेऱ्याच्या एखाद्या कोपऱ्यात अडकू शकतात. म्हणून पुढे आलेले, फुगीर भिंग नको, आणि शिरस्त्राण एका झटक्यात काढून टाकता आले पाहिजे. रुंद भिंगाचा छुपा दोष त्याहून वाईट. त्यात माणूस लहान दिसतो, म्हणून फोटोवाला जवळ जवळ सरकतो. दोनाचे चार मीटर झाले की चित्रातला माणूस निम्मा होतो, मोह होणारच. पण पडणाऱ्या माणसाच्या नेमकी वरची हवा विस्कटलेली असते. त्या जागेत शिरलेला आधार सुटून खालच्याच्या अंगावर आदळतो. आणि खालच्याने त्याच क्षणी छत्री उघडली तर? भाच्याने वाक्य पुरे केले नाही.

म्हणूनच अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेची शिफारस आहे की, दोनशे उड्या होईपर्यंत कॅमेरा घेऊन उडू नये. कॅमेरा काडेपेटीएवढा असला तरी. फोटो काढताना लक्ष वाटले जाते. उंची किती उरली, आजूबाजूला कोण आहे, याचे भान भिंगात बुडून जाते. 1988 साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात एक अनुभवी फोटोवाला दुसऱ्यांची उडी टिपायला विमानातून बाहेर पडला. शेकड्यांनी उड्या मारलेला माणूस. अंगावर कॅमेऱ्याचे ओझे होते. छत्री चढवायचीच राहून गेली होती. कॅमेरा शेवटपर्यंत चालू होता.

ओसरीवर बराच वेळ कोणी बोलले नाही.

"तुझ्या त्रेसष्ट झाल्या म्हणतोस," मी म्हणालो.

"हो मामा. पन आमच्यातले काही जन लावतेत कॅमेरा. कोनी पाह्यत नाही."

भिंगाच्या किमतीतले निम्मे पैसे तो माझ्याकडे उसने मागायला आला होता, हे आता उघड झाले. मी 'पाहू' म्हणालो. 'पाहू' हा मराठीतला फार उपयोगी शब्द आहे. त्यात होकार आणि नकार दोन्ही मावतात. त्याचा कोन मीनाक्षीहून रुंद.

भाऊबीजेला अक्का आली. शेजाऱ्यांनी फाटकातच तिला गाठून 'पोराचं पोट आता कसं आहे?' म्हणून विचारले होते. ती आत आली, पाटाभोवती रांगोळी काढली, मला ओवाळले. मी तबकात पाकीट टाकले. तिने ते उचलले नाही.

"बाजेवर काय करून राहिले होते तुमी दोघं?"

मला अक्कापुढे खोटे बोलता येत नाही. शाळेत असतानाही येत नसे. सगळे सांगितले. बाज, शिडी, दुबई, त्रेसष्ट. भाचा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मला वाटले, आता रडारड होईल. अक्का नुसती ऐकत राहिली. मोबाइलवरची ती चित्रफीत तिने मागून घेतली, दोनदा पाहिली. मग मला विचारले, "हे कोनं काढलं?"

"त्याच्या मित्राने."

"आन त्या मित्राकडे कोन पाहून राहिलं होतं?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. भाच्याकडेही नव्हते. त्या चित्रफितीत तीन माणसे हसत होती, हात हलवत होती, सगळी भिंगाकडे पाहत होती. पण त्यांना दिसत होते ते भिंगच.

अक्काने उड्या बंद कर असे म्हटले नाही. मला आजही याचे आश्चर्य वाटते. तिने पाकीट उचलले, माझ्याच हातात परत दिले आणि म्हणाली, "घेऊन दे त्याले काय पाहिजे ते. पन तुह्यापाशी ठेव. दोनशे झाल्या का पाठव. तू मास्तर आहेस, मोजता येते तुले."

पाडवा उलटून गेल्यावर वर्ध्याला जाऊन आम्ही सोळाचे भिंग घेतले. मीनाक्षी नव्हे, साधेच. हलके, पुढे न आलेले. निम्मे पैसे त्याचे, निम्मे माझे. भाचा दुबईला गेला आणि भिंग माझ्या पुस्तकांच्या कपाटात राहिले. पावसाळ्यात आमच्याकडे भिंगाच्या काचेवर बुरशी धरते, म्हणून ते एका बरणीत ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवले आहे. मधूनमधून काढतो, माझ्या कॅमेऱ्याला लावून ओसरीवरून एखादा फोटो घेतो. सगळी आंजी येते त्यात, कंसासकट.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचा फोन येतो. आधी आईशी बोलतो, मग मला फक्त आकडा सांगतो. उत्तरपत्रिकांची बेरीज मांडतो त्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तो टिपून ठेवतो. परवा आला : एकशे एकेचाळीस. मी बरणी उघडली, भिंग पुसले आणि पुन्हा झाकण लावून ठेवले.